बारा साखळ्या आकाश

अलास्काच्या क्रूझला जाऊन आलेल्या मराठी कुटुंबांची संख्या आता इतकी झाली आहे की मंडळाच्या पिकनिकला कोणी "आम्ही यंदा अलास्काला चाललो" म्हटलं, तर समोरचा फक्त "कुठल्या बाजूची केबिन घेतलीत?" एवढंच विचारतो. तेव्हा हिमनद्या, देवमासे, बुफेपुढची रांग आणि पाचव्या दिवशी येणारी पिठलं-भाताची आठवण, यांवर आम्ही नव्याने लिहावं असं फारसं उरलेलं नाही. आम्ही लिहिणार आहोत ते आमच्याबरोबर आलेल्या एका पाव किलोच्या पाहुण्याबद्दल, आणि त्याच्यापायी आमच्या घरात झालेल्या रुसव्याफुगव्याबद्दल.

हा पाहुणा म्हणजे ड्रोन. चार पंखांचा, घडी घातली की कोटाच्या खिशात मावणारा. वजन 249 ग्रॅम. माईंनी तो हातात घेऊन तोलून पाहिला आणि म्हणाल्या, "पाव किलो शेंगदाणेसुद्धा याहून जड लागतात गं!"

आम्ही म्हणजे आम्ही दोघं, आमचा पंधरा वर्षांचा ईशान, आणि भारतातून आलेले अण्णा व माई. अण्णा आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसऱ्याचे सासरे. कोणाचे कोण हे इथे सांगत नाही, कारण सहा महिन्यांच्या मुक्कामात दोघांचंही त्यांच्याशी सारखंच पटलं आणि सारखंच वाजलं. अण्णा तेव्हा 78 वर्षांचे. गुडघे दुखरे. न्यूअर्कला उतरल्या उतरल्याच त्यांनी जाहीर केलं होतं, "हा आमचा शेवटचा फेरा." परदेशी राहणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. आपण "काहीतरीच काय!" म्हणतो आणि रात्री पाठ टेकली की तेच वाक्य डोक्यात फिरत राहतं.

जमिनीची मोजणी ही अण्णांची जन्माची नोकरी. 1968 साली मोजणी खात्यात लागले, 2004 साली निवृत्त झाले. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागातली शेकडो गावं त्यांनी पायी तुडवली. त्यांचे वरिष्ठ जुन्या साखळीवर शिकलेले. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. तेहतीस गुणिले तेहतीस फुटांचा एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एक एकर. हे पाढे अण्णांनी आम्हा सर्वांकडून कधी ना कधी घोकून घेतलेले आहेत. ईशानला सतराचा पाढा येत नाही, पण गुंठ्याचे चौरस फूट किती ते झोपेत विचारलं तरी "एक हजार एकोणनव्वद" म्हणून सांगतो.

तर झालं असं, की 2022 साली पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी स्वामित्व योजनेची मोजणी आली. ही केंद्र सरकारची योजना 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झाली. शेताला सातबारा असतो, पण खेड्यातल्या राहत्या घराच्या जागेला बहुतेक ठिकाणी पक्का नकाशाच नव्हता. तो करायचा म्हणून गावठाणाची ड्रोनने मोजणी. लोकांनी आपापल्या घराच्या हद्दीवर चुन्याची रेघ ओढायची, मग ड्रोन वरून फिरून फोटो घेतो, आणि त्यावरून नकाशा तयार होतो. आमच्या घराची चुन्याची रेघ अण्णांनी वाकता येत नसताना स्वतः वाकून मारली. ड्रोन आला, डोक्यावरून भुणभुणत गेला. अण्णा ओट्यावर उभे राहून मान दुखेस्तोवर बघत राहिले.

"छत्तीस वर्षं मी जमिनीवरून चालत नकाशे काढले," ते आम्हाला फोनवर म्हणाले होते. "ते वरून कसं दिसतं, एवढं बघायचं राहिलं. त्या गडबडीत विचारायचंही राहिलं."

ईशानने ते ऐकलं आणि लक्षात ठेवलं. दोन उन्हाळे शेजाऱ्यांची हिरवळ कापून साठवलेल्या पैशांत त्याने ड्रोन घेतला, आणि जुलै 2024 मध्ये आमची क्रूझ ठरली तेव्हा सांगून टाकलं, "मी अण्णांना अलास्का वरून दाखवणार."

आता दाखवणार म्हणणं सोपं. आम्ही दोघं स्वभावाने भित्रे. वीस वर्षं या देशात काढूनही मागे पोलिसाची गाडी दिसली की वेग मर्यादेत असतानाही ब्रेक दाबणारे. म्हणून आधी नियम वाचायला बसलो. अण्णाही चष्मा लावून शेजारी बसले. म्हणाले, "मोजणीच्या आधी कागद बघायचे असतात."

अमेरिकेत हौसेखातर ड्रोन उडवायचा तर एफएएची 'ट्रस्ट' नावाची मोफत परीक्षा द्यावी लागते. तिच्यात नापास व्हायची सोयच नाही. उत्तर चुकलं तर समजावून सांगतात आणि पुन्हा विचारतात. मात्र पास झाल्याचा दाखला उडवताना जवळ हवा. ड्रोन 250 ग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर पाच डॉलर भरून तीन वर्षांसाठी नोंदणी करायची, नंबर ड्रोनवर लिहायचा, शिवाय आपली ओळख हवेतून प्रसारित करणारी यंत्रणा हवी. हौशी माणसाच्या हलक्या ड्रोनला या दोन्हींतून सूट आहे. पण हलक्या ड्रोनला जास्त वेळ चालणारी मोठी बॅटरी लावली तर वजन रेषेच्या पलीकडे जातं आणि सूट संपते. ईशानने आणलेली मोठी बॅटरी याच कारणाने घरी राहिली. आणि हे सगळं निव्वळ हौसेपुरतं. त्या चित्रणातून पैसे मिळवायचे म्हटलं की निराळा परवाना लागतो.

उंची 400 फुटांपर्यंत. विमानतळाभोवतीच्या नियंत्रित हद्दीत आधी परवानगी. माणसं घेऊन जाणाऱ्या विमानाला, हेलिकॉप्टरला नेहमी वाट द्यायची. आणि ड्रोन सतत डोळ्यांना दिसला पाहिजे.

"चारशे फूट," अण्णांनी मनाशी हिशेब केला. "म्हणजे बारा साखळ्या आणि थोडं वर. पुष्कळ झालं!"

जहाजाच्या कंपन्यांचे नियम मात्र प्रत्येकीचे निराळे. काही ड्रोन आणूच देत नाहीत. आमच्या कंपनीचा नियम असा, की ड्रोन आणा, पण जहाजावर तो सुरक्षा विभागाकडे जमा राहील. बंदरावर उतरताना सही करून घ्यायचा, चढताना सही करून परत द्यायचा. जहाजावरून उडवायचा नाहीच. आम्ही हे आधी लेखी विचारून घेतलं आणि त्या उत्तराची छापील प्रत बरोबर ठेवली. सिअ‍ॅटलच्या धक्क्यावर सामान तपासणाऱ्या बाईंनी ड्रोन बघून भुवया उंचावल्या तेव्हा अण्णांनीच तो कागद पुढे केला. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला छापील कागदाची किंमत कळते.

पहिलं बंदर जुनो. अलास्काची राजधानी, पण बाहेरच्या जगाला जोडणारा एकही रस्ता नाही. यायचं ते बोटीने नाही तर विमानाने. त्या दिवशी ढग इतके खाली की मागचे डोंगर अर्धेच दिसत होते. धक्क्यासमोरच्या पाण्यातून तरंगती विमानं एकामागून एक उडत होती आणि हेलिकॉप्टरं ढगाखालून वाट काढत होती. या गर्दीत आपलं पाव किलोचं बाळ सोडायचं कुठे? कायद्याचं कलम शोधायचीही गरज पडली नाही. मेंडेनहॉल हिमनदी पाहिली. तिथलं माहिती केंद्र 1962 साली बांधलेलं, अमेरिकेच्या वनखात्याने उभारलेलं या प्रकारचं पहिलं. हिमनदी तेव्हापासून खूप मागे सरकली आहे. ड्रोन पिशवीतच राहिला. ईशान म्हणाला, "ओके, उद्या."

उद्या म्हणजे स्कॅग्वे. 1898 च्या सोन्याच्या धावपळीतलं गाव. सोनं कॅनडाच्या क्लोंडाइक भागात, आणि तिकडे जायची वाट इथून डोंगरावरून. त्या वाटेवर 1898 ते 1900 या दोन वर्षांत तीन फूट रुंदीची रेल्वे बांधली, तीच आता प्रवाशांना वर नेते. सुमारे वीस मैलांत गाडी 2,865 फूट चढते. माईंना आपला खंडाळ्याचा घाट आठवला. अण्णा मात्र वरच्या टोकाची वाट बघत होते, कारण तिथे अमेरिका आणि कॅनडाची हद्द आहे. ही हद्द नेमकी कुठून जाते यावर दोन्ही देशांत वाद होता आणि तो 1903 साली लवादाने मिटवला, हे अण्णांनी आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं. गाडी हळू झाली, झेंडे दिसले, हद्दीची खूण दिसली. अण्णा खिडकीला नाक लावून म्हणाले, "दगड नीट रोवलाय."

खाली परत आलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. आकाश निळं, वारा मंद. ईशानने ड्रोन बाहेर काढला. आम्ही फोनवर नकाशा उघडला. स्कॅग्वेच्या जुन्या वस्तीचा बराच भाग राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात येतो, आणि राष्ट्रीय उद्यानांमध्ये जून 2014 पासून ड्रोनला बंदी आहे. तिथून उडवायचा नाही, तिथे उतरवायचा नाही. मोडलं तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. उद्यानाची जमीन सोडून बघावं तर गावाला लागूनच धावपट्टी, आणि हेलिकॉप्टरं डोक्यावरून सारखी जा-ये करताहेत.

पण धक्क्याच्या टोकाला एक तरुण बिनधास्त आपला ड्रोन उडवत होता.

"बघा!" ईशान म्हणाला. "त्याला कोणी काही म्हणतंय का? पाचच मिनिटं. अण्णा, बसा इथे, मी दाखवतो."

अण्णा बाकावर बसले. म्हणाले, "आधी मला हद्द दाखव. उद्यान कुठे संपतं, विमानतळाचं कुठे सुरू होतं?"

ईशानने नकाशा इकडेतिकडे सरकवला. नेमकी रेषा काही त्याला दाखवता येईना.

"मग ठेव आत."

"पण हे तुमच्यासाठीच आणलंय ना!" ईशानचा आवाज चढला. पुढचं सगळं इंग्रजीत झालं आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. मतितार्थ एवढाच, की अण्णांना बघायचंच नसेल तर आपण दोन उन्हाळे उगाच घाम गाळला. त्याने ड्रोन सुरक्षा विभागात जमा केला आणि रात्री जेवायला आला नाही. माईंनी रुमालात बांधून नेलेला चिवडाही परत आला. आम्ही दोघंही अण्णांवर थोडे चिडलोच होतो, हे कबूल करायला हवं. पोराने एवढ्या हौसेने आणलेली गोष्ट, पाच मिनिटांनी काय आभाळ कोसळणार होतं? पण तोंडावर बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी जहाज ग्लेशियर बे मध्ये शिरलं. हे सगळंच राष्ट्रीय उद्यान, पाण्यासकट. दिवसाला दोनच मोठ्या जहाजांना आत सोडतात. उद्यानाचे रेंजर एका छोट्या बोटीतून येऊन दोरीच्या शिडीने आपल्या जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. त्यातली एक गोष्ट अण्णांनी दोनदा समजावून घेतली. 1794 साली व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं इथे आली तेव्हा ही खाडी जेमतेम पाच मैलांची होती, पुढे सगळी बर्फाची भिंत. 1879 साली जॉन म्यूर आले तेव्हा बर्फ चाळीस मैलांहून जास्त मागे गेलेला होता. आज ही खाडी सुमारे पासष्ट मैल आत जाते. बर्फ पुढे सरकत आला तेव्हा इथल्या हूना ट्लिंगिट लोकांना आपली गावं सोडून जावं लागलं होतं. त्यांचं पारंपरिक सभागृह 2016 साली या खाडीच्या काठी पुन्हा उभं राहिलं.

"तेव्हा कोणी तरी मापून कागदावर लिहून ठेवलं, म्हणून आज कळलं बर्फ किती हटला ते," अण्णा म्हणाले. "नाहीतर नुसत्या गप्पा."

मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबलं. पाण्याच्या वर अडीचशे फूट उंच, मैलभर रुंद बर्फाची निळसर भिंत. मधूनच तोफेसारखा आवाज होई आणि एखादा कडा पाण्यात कोसळे. अण्णा आणि ईशान कठड्याला शेजारी शेजारी उभे होते, पण बोलत नव्हते. मग अण्णांनी आपण होऊन एक गोष्ट सांगितली. ती आम्हीही तोवर कधी ऐकली नव्हती.

नोकरीतली सुरुवातीची वर्षं. एका गावी दोन भावांच्या वाटणीची मोजणी होती. पावसाळा तोंडावर आलेला, एका कोपऱ्यात चिखल आणि करवंदीची जाळी. तिथपर्यंत साखळी नेली असती तर मुक्काम एक दिवसाने वाढला असता, आणि घरी माईंना पहिल्या बाळंतपणाच्या कळा कधी सुरू होतील याचा नेम नव्हता. अण्णांनी तेवढा कोपरा नजरेने धरला आणि दगड रोवायला सांगितला. दगड चार हात चुकला. थोरल्याची विहीर धाकट्याच्या हद्दीत गेली. पुढे फेरमोजणी झाली, चूक दुरुस्त झाली, पण तोवर भावाभावांत कुऱ्हाडी निघाल्या होत्या. अकरा वर्षं कोर्टात गेली. त्यांच्या आईने मरेपर्यंत एका घरी सकाळी आणि दुसऱ्या घरी संध्याकाळी जेवण घेतलं, दोघं एका पंगतीला कधी बसले नाहीत.

"मला कोणी काही म्हटलं नाही," अण्णा म्हणाले. "खात्यानेही नाही. कोणी बघत नव्हतं ना! पण ते गाव लागलं की मी एस.टी.त खिडकीकडे पाठ करून बसायचो."

ईशान काही बोलला नाही. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "ती विहीर आहे अजून?"

"आहे की. पाणीही आहे," अण्णा म्हणाले.

सहाव्या दिवशी केचिकन. अलास्कातलं शेवटचं बंदर, आणि म्हणून ईशानची शेवटची संधी. केचिकन पावसासाठी प्रसिद्ध, वर्षाला सुमारे दीडशे इंच. आम्ही उतरलो तेव्हाही पडतच होता. आमचा हलका ड्रोन पावसात चालत नाही. अण्णा कोयनेच्या खोऱ्यातले, त्यांना पावसाचं काय! म्हणाले, "हा बुरबुर पाऊस आहे, उघडीप मिळेल."

आम्ही एक व्हॅन ठरवली. चालवणाऱ्या बाई साठीच्या, गप्पिष्ट. सॅक्समनचे टोटेम खांब दाखवून झाले तेव्हा ईशानने आपण होऊन त्यांना विचारलं, की विमानतळापासून दूर, उद्यान नसलेली, कोणाची तरी स्वतःची जागा आहे का, जिथे मालकाला विचारून ड्रोन उडवता येईल? आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. बाईंनी फोन लावला. हेरिंग कोव्हच्या पुढे समुद्राकाठी त्यांचे एक नातेवाईक राहत होते, मासेमारीतून निवृत्त झालेले.

विमानतळ मागे, सामुद्रधुनीपलीकडच्या बेटावर राहिला. ईशानने ॲपवर त्या घराची जागा तपासली. नियंत्रित हद्द नव्हती, मनाई नव्हती. ते आजोबा रबरी बूट घालून दारात उभे होते. अण्णांनी हात जोडून नमस्कार केला आणि मोडक्या इंग्रजीत परवानगी मागितली. आजोबा म्हणाले, हरकत नाही, पण त्या बाजूच्या शेजाऱ्याच्या घरावरून नेऊ नका, त्याला आवडत नाही. मग आम्हाला कोपऱ्यात नेऊन जमिनीत ठोकलेली लोखंडी खूण दाखवली. इथवर माझी. अण्णांनी विचारलं, आणि समुद्राकडे? आजोबा म्हणाले, सरासरी भरतीच्या रेषेपर्यंत माझी, त्याखाली राज्याची. अण्णा एकदम खूश. आम्हाला मराठीत म्हणाले, "छत्तीस वर्षांत पहिला मालक भेटला, ज्याने न भांडता हद्द दाखवली!"

पाऊस थांबायला चाळीस मिनिटं लागली. तोवर आजोबांनी कॉफी दिली आणि माईंनी चिवडा. पाऊस थांबला तर समोरच्या झाडाच्या शेंड्यावर गरुड बसलेला. पांढऱ्या डोक्याच्या या गरुडाला 1940 च्या कायद्याने संरक्षण आहे, त्याला त्रास देणं गुन्हा आहे. शिवाय चिडला तर ड्रोनच खाली पाडायचा. पुन्हा थांबलो. जहाजावर परतायची वेळ जवळ येत होती. आमची घालमेल, पण ईशान शांत. गरुड उडून खाडीपलीकडे दिसेनासा झाला तेव्हाच त्याने ड्रोन हिरवळीवर ठेवला.

पंखे फिरले. ड्रोन वर गेला, शंभर फूट, दीडशे फूट. वर ढग होते म्हणून त्याहून वर नेला नाही. उडवणाऱ्याची नजर ड्रोनवर हवी, म्हणून पडदा अण्णांच्या हातात. आमच्यापैकी एकाने त्यांच्या डोक्यावर जाकीट धरलं, म्हणजे उजेडात पडदा दिसावा. दुसऱ्याचं लक्ष विमानांकडे.

आधी समुद्र दिसला, मग बेटं, मग ढगात शिरलेलं जंगल. माई म्हणाल्या, "अगं बाई!" अण्णा काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "त्याला सरळ खाली बघायला सांग."

ईशानने कॅमेरा वळवला. पडद्यावर घराचं छप्पर, हिरवळ, काळा ओला रस्ता, किनाऱ्यावरच्या शेवाळाची पिवळी रेघ. आणि मधोमध पाच-सहा ठिपके, म्हणजे आम्ही. अण्णांनी बोट पडद्याच्या वर, स्पर्श न करता, फिरवलं. लोखंडी खुणेपासून झाडापर्यंत, झाडापासून पाण्यापर्यंत.

"उत्तर कुठे?" त्यांनी विचारलं. ईशानने ड्रोन हळूहळू वळवला आणि उत्तर वर आणली, नकाशात असते तशी.

किनाऱ्याला लाटा लागत होत्या. अण्णांनी आयुष्यभर काढलेले नकाशे कागदावर गप्प बसलेले. हा हलत होता. त्यांचा हात थोडा थरथरत होता, तो गारठ्याने की कशाने, आम्ही विचारलं नाही.

"आपलं गाव असंच दिसलं असेल," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "ती विहीरसुद्धा."

अकरा मिनिटांनी ड्रोन खाली आला. अण्णांनी ईशानच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मोजणी चोख झाली." आमच्या घरात याहून मोठी शाबासकी आजवर कोणाला मिळालेली नाही.

जहाज शेवटी संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतं. याचं कारणही गमतीचं आहे. 1886 च्या एका अमेरिकन कायद्यानुसार परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकेतून निघून, परदेशी बंदराला न लागता, अमेरिकेतच प्रवासी फिरवून आणता येत नाहीत. म्हणून ही हजेरी. व्हिक्टोरियाच्या बंदरात विमानं थेट पाण्यावर उतरतात. कॅनडात 250 ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला नोंदणी लागत नाही, पण विमानांना किंवा माणसांना धोका होईल असं उडवायचं नाही, हे तिथेही आहेच. ईशानने ड्रोन सुरक्षा विभागातून मागितलासुद्धा नाही. आम्ही पाचही जण दिव्यांची रोषणाई बघत आइस्क्रीम खात फिरलो.

ज्यांना असा बेत करायचा असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून ठेवतो. तिकीट काढण्याआधी जहाज कंपनीला ड्रोनबद्दल लेखी विचारा. जादा बॅटऱ्या विमानात हातातल्या सामानात ठेवा, मोठ्या बॅगेत चालत नाहीत. प्रत्येक बंदरासाठी आदल्या रात्री नकाशा तपासा आणि देश बदलला की नियम बदलले असं समजा. देवमासा दिसला तरी ड्रोन त्याच्यावर नेऊ नका. अलास्कात हंपबॅक देवमाशापासून शंभर यार्ड दूर राहण्याचा नियम आहे, आणि सागरी प्राण्यांना त्रास देणं कायद्याने गुन्हा आहे. आई-वडील भारतीय पासपोर्टवर असतील तर त्यांना कॅनडाचा व्हिसा आधी काढून ठेवा, आणि अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, तेही पाहा. नियम बदलत असतात, म्हणून निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा सरकारी माहिती वाचा.

ईशानच्या मनात ड्रोन अण्णांनाच देऊन टाकायचं होतं. पण भारतात फेब्रुवारी 2022 पासून परदेशी ड्रोन आणायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण अशा मोजक्या कामांना तेवढी सूट. अण्णा म्हणाले, "कशाला? मी बघितलं ना." मग ईशानने त्या सरळ खाली बघणाऱ्या फोटोची मोठी प्रत काढून दिली.

ती आता पाटणच्या घरी ओट्यावरच्या भिंतीवर आहे. मागच्या डिसेंबरात आम्ही गेलो तेव्हा पाहिली. अण्णांनी तिच्यावर शाईने उत्तरेचा बाण काढला आहे आणि कोपऱ्यात अंदाजे प्रमाण लिहिलं आहे. माईंनी काच पुसायला ती खाली काढली, तेव्हा मागच्या बाजूला अण्णांच्या अक्षरातली एक ओळ दिसली.

'केचिकन, अलास्का. मोजणीदार: ईशान. मालकाच्या परवानगीने.'